डिलीट केलेल्या ओळी परत का येतात? कॅसँड्रा क्लस्टरच्या रिपेअरविषयी वाचकांचे प्रश्न

अनेक नोडवर (सर्व्हरवर) पसरलेल्या डेटाबेसची देखभाल या विषयावर आलेली बहुतेक पत्रे अपाचे कॅसँड्रा चालवणाऱ्यांची आहेत आणि जवळजवळ प्रत्येक पत्र फिरून रिपेअरवरच, म्हणजे एकाच डेटाच्या निरनिराळ्या नोडवरच्या प्रती सारख्या करण्याच्या कामावरच, येते. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्यालाच दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: आमचा सहा नोडचा क्लस्टर आहे, रेप्लिकेशन फॅक्टर ३, म्हणजे प्रत्येक ओळीच्या तीन प्रती. लिहिणे आणि वाचणे दोन्ही क्वोरमने (बहुसंख्य प्रतींच्या होकाराने) होते. तरीही खाते बंद केलेल्या काही ग्राहकांच्या नोंदी डिलीट केल्यावर पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा दिसू लागल्या. त्या अ‍ॅप्लिकेशनमधून परत घातल्या गेलेल्या नाहीत, हे लॉग पाहून पक्के केले आहे. क्वोरम असताना हे घडतेच कसे?

उत्तर: कॅसँड्रात डिलीट हेसुद्धा एक प्रकारचे लिहिणेच आहे. ओळ जागेवरून उचलली जात नाही, तिच्यावर 'ही गेली' अशी वेळेसह खूण पडते. या खुणेला टूमस्टोन म्हणतात. ती तिन्ही प्रतींवर पोहोचली तरच डिलीट पुरे झाले म्हणायचे.

एकाच ओळीचा प्रवास पाहू. ग्राहक ४०७१ ची नोंद अ, ब आणि क या तीन नोडवर आहे. क बंद पडून चार तास झाले आहेत आणि त्याच वेळी डिलीटची आज्ञा येते. अ आणि ब टूमस्टोन लिहून घेतात, तिघांपैकी दोघांनी होकार दिला म्हणजे क्वोरम झाला, अ‍ॅप्लिकेशनला 'झाले' असे उत्तर जाते. क साठी निरोप ठेवायची सोय आहे, तिला हिंट म्हणतात. पण नोड बंद पडल्यापासून फक्त ३ तास नव्या हिंट साठवल्या जातात, ही मूळ सेटिंगमधली मुदत आहे. आपली डिलीट चार तासांनंतरची. क पुन्हा चालू होतो, पहिल्या तीन तासांचे निरोप त्याला मिळतात, ४०७१ चा मिळत नाही.

पुढचे दहा दिवस सगळे ठीक दिसते. कोणतेही दोन नोड विचारा, त्यांत अ किंवा ब असतोच. त्याच्याकडचा टूमस्टोन क कडच्या जुन्या ओळीपेक्षा नव्या वेळेचा, म्हणून तो जिंकतो. या काळात कुणी ४०७१ वाचला असता आणि ते वाचन क कडेही गेले असते, तर रीड रिपेअरने (वाचताना प्रतींत फरक दिसला की जुनी प्रत सुधारणारी सोय) क लाही खूण पोहोचली असती. पण बंद केलेले खाते सहसा वाचले जातच नाही.

मग जीसी ग्रेसची, म्हणजे टूमस्टोन जपून ठेवण्याची, मुदत संपते. मूळ सेटिंगमध्ये ती ८,६४,००० सेकंद म्हणजे १० दिवस असते. यानंतर अ आणि ब च्या कॉम्पॅक्शनला (डिस्कवरच्या डेटा फाइल एकत्र करून नव्याने लिहिण्याच्या कामाला) टूमस्टोन आणि त्याखालची जुनी ओळ दोन्ही टाकून द्यायची मुभा मिळते. दहाव्या दिवशी लगेच तसे होईल असे नाही. त्या एसएसटेबलची (डिस्कवरच्या डेटा फाइलची) कॉम्पॅक्शनची पाळी येईल तेव्हा होते, म्हणून तुम्हाला ओळी पंधरा-वीस दिवसांनी, सुट्यासुट्या परत आलेल्या दिसल्या. आता अ आणि ब ला ४०७१ ची काहीच आठवण नाही आणि क कडे जुनी ओळ जशीच्या तशी आहे. पुढचे वाचन अ आणि क कडे गेले की अ म्हणतो 'माझ्याकडे काही नाही', क ओळ पुढे करतो. तिला हरवणारी नवी वेळ कुठेच नाही, म्हणून ती खरी ठरते आणि रीड रिपेअर ती अ वरही लिहून टाकतो. क्वोरमचे संरक्षण टूमस्टोन जिवंत असेपर्यंतच टिकते.

रिपेअर नेमके हेच काम करतो: मुदत संपण्याआधी खूण तिन्ही प्रतींवर पोहोचवतो. नोड आजारी पडल्यावर द्यायचे औषध म्हणून त्याच्याकडे पाहू नका. तो डिलीटचा उरलेला अर्धा भाग आहे आणि त्याला ठरलेली तारीख आहे.

तुमच्यासाठी आता करायच्या गोष्टी, याच क्रमाने. ज्या टेबलांत डिलीट होतात त्यांची जीसी ग्रेस लगेच १७,२८,००० सेकंदांवर, म्हणजे २० दिवसांवर न्या. अजून न गेलेले टूमस्टोन त्यामुळे वाचतील. मग सर्व नोडवर पूर्ण रिपेअर करा. त्यात एक धोका आहे, तो आधी समजून घ्या. ज्यांचे टूमस्टोन आधीच गेले आहेत त्या ओळी रिपेअर तिन्ही प्रतींवर पसरवील, कारण त्याच्या दृष्टीने त्या खऱ्याच आहेत. म्हणून डिलीट केलेल्या खात्यांची यादी अ‍ॅप्लिकेशनच्या स्वतःच्या नोंदींतून काढा आणि रिपेअर संपल्यावर त्या ओळी पुन्हा डिलीट करा. रिपेअर आठवड्याच्या वेळापत्रकात पक्का बसला की जीसी ग्रेस पूर्ववत करायला हरकत नाही.

प्रश्न: १० दिवसांची मुदत असेल तर दर ९ दिवसांनी रिपेअर चालेल ना? १२ नोड आहेत, एकेका नोडला सुमारे ९ तास लागतात.

उत्तर: नाही. इथे बरेच जण हिशेबात चुकतात, म्हणून आकडे मांडून सांगतो.

१२ नोड, एकामागून एक, प्रत्येकी ९ तास, म्हणजे १०८ तास. साडेचार दिवस. आता सगळ्यात वाईट वेळेची डिलीट धरा: त्या ओळीच्या रेंजची (ती ओळ डेटाच्या ज्या सलग भागात पडते त्याची) तपासणी नुकतीच झाली आणि लगेच नंतर डिलीट आली. तिचा टूमस्टोन पुढच्या फेरीतच पसरणार. पुढची फेरी ९ दिवसांनी सुरू झाली आणि तिचा नोड तेव्हाही पहिलाच असेल, तर ९ दिवस आणि ९ तासांत काम होते. कागदावर बसते. पण एक नोड बंद असल्याने फेरी एक दिवस लांबली की मुदत ओलांडली.

त्याहून मोठी अडचण क्रमाची आहे. दर आठवड्याला फेरी चालवली पण नोडांचा क्रम बदलत राहिला, तर एखादी रेंज या वेळी सुरुवातीला आणि पुढच्या वेळी सर्वांत शेवटी येऊ शकते. तेव्हा दोन तपासण्यांमधले अंतर ७ अधिक साडेचार, म्हणजे साडेअकरा दिवस होते. वेळापत्रकात 'दर आठवड्याला' असेच लिहिलेले असते आणि तरीही मुदत हुकलेली असते. म्हणून मोजायचे ते एका फेरीच्या सुरुवातीपासून पुढच्या फेरीच्या शेवटापर्यंत. तेवढा काळ जीसी ग्रेसपेक्षा कमी हवा. ते जमत नसेल तर निदान नोडांचा क्रम दर वेळी तोच ठेवा.

तुमच्या क्लस्टरला दर ७ दिवसांनी, ठरलेल्या क्रमाने फेरी योग्य आहे. दोन-अडीच दिवस हातचे राहतात. ते लागतातच.

प्रश्न: सर्व नोडवर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या साधनात) रात्री २ ची 'नोडटूल रिपेअर' लावली आहे. २ ते ६ क्लस्टर गुडघे टेकतो, काही नोडवर रिपेअर एरर देऊन बंद पडतो. हार्डवेअर वाढवावे का?

उत्तर: आधी क्रॉन काढा, हार्डवेअरचे नंतर पाहू.

रिपेअर एका नोडवर सुरू केला तरी तो एका नोडचे काम नसतो. ज्या रेंजची तपासणी करायची, तिच्या सर्व प्रती सांभाळणारे नोड आपापला डेटा डिस्कवरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात आणि त्याचे मर्कल ट्री, म्हणजे डेटाच्या सारांशांचे झाड, बांधतात. या टप्प्याला व्हॅलिडेशन म्हणतात. मग झाडांची तुलना होते, जिथे पाने जुळत नाहीत तेवढ्या रेंजचा डेटा नोड एकमेकांना पाठवतात, ते स्ट्रीमिंग. म्हणजे एका रिपेअरचा भार किमान तीन नोडवर पडतो. सगळ्या नोडने एकाच मिनिटाला सुरुवात केली की प्रत्येक नोड स्वतःचे आणि शेजाऱ्यांचे व्हॅलिडेशन एकदम करू लागतो. डिस्कवर ताण, वाचनांना उशीर, हीपवर (जावाच्या मेमरीत) अनेक झाडे एकदम. काही आवृत्त्यांत एकाच एसएसटेबलवर दोन रिपेअर सेशन चालू देतच नाहीत, दुसरे सेशन एरर देऊन मरते. तुम्हाला दिसणारे एरर बहुधा तेच आहेत.

दुसरी गोष्ट, साधा 'नोडटूल रिपेअर' नोडकडच्या सर्व रेंज तपासतो. रेप्लिकेशन फॅक्टर ३ असताना तो प्रत्येक नोडवर चालवला की प्रत्येक रेंज तीनदा तपासली जाते. पूर्ण रिपेअरसाठी 'नोडटूल रिपेअर -फुल -पीआर' वापरा. पीआर म्हणजे फक्त नोडची स्वतःची प्राथमिक रेंज. अट एकच आणि ती कडक आहे: तो सर्व डेटासेंटरांतल्या सर्व नोडवर चालला पाहिजे. एकाच डेटासेंटरमध्ये चालवून थांबलात तर दुसऱ्या डेटासेंटरमधल्या नोडच्या प्राथमिक रेंज तशाच राहतात आणि कुठलाही एरर येत नाही.

एका वेळी एक नोड. पहिला संपला, यशस्वी झाला, मग दुसरा. सुरू करण्याआधी 'नोडटूल स्टेटस'मध्ये सर्व नोड चालू दिसले पाहिजेत, कारण रेंजची एक जरी प्रत बंद असली तरी रिपेअर त्या रेंजवर पुढे जात नाही. 'नोडटूल डिस्क्राइबक्लस्टर'मध्ये स्कीमाची (टेबलांच्या रचनेची) एकच आवृत्ती दिसायला हवी. कीस्पेसचे (टेबलांच्या गटाचे) नाव देऊन चालवा, मोठी टेबले वेगळी घ्या. २.२ पासून मूळ सेटिंग समांतर आहे, म्हणजे तिन्ही प्रती एकदम झाडे बांधतात. दिवसाच्या गर्दीत चालवायचाच असेल तर '-सेक' (-seq) हा क्रमवार पर्याय घ्या. तो स्नॅपशॉट घेऊन एकेक प्रत तपासतो. वेळ जास्त लागतो, पण वाचनांना दोन प्रती मोकळ्या राहतात.

हे सगळे हाताने सांभाळणे कंटाळवाणे आहे आणि कंटाळा आला की चूक होते. रीपर हे साधन याचसाठी आहे. ते स्पॉटिफायमध्ये सुरू झाले, पुढे द लास्ट पिकलने सांभाळले. ते रेंजचे लहान तुकडे करते, व्यग्र नोडवर तुकडा टाकत नाही, फसलेला तुकडा पुन्हा घेते. त्यातला तीव्रतेचा आकडा १ ठेवला तर ते अजिबात थांबत नाही, ०.५ ठेवला तर अर्धा वेळ काम आणि अर्धा वेळ विश्रांती. सुरुवात ०.५ ने करा. सिलाडीबी वापरत असाल तर सिला मॅनेजर हेच काम करतो.

लहान तुकड्यांचा आणखी एक फायदा आहे. जुन्या आवृत्त्यांत मर्कल ट्रीची खोली १५ ठरलेली होती, म्हणजे ३२,७६८ पाने. रेंजमध्ये १० लाख पार्टिशन (एकाच कीखालच्या ओळींचे गट) असतील तर एका पानावर सुमारे ३० येतात. त्यातले एक बिघडले तरी तिसाच्या तिसांचे स्ट्रीमिंग होते. ३ कोटी पार्टिशन असतील तर एका पानावर ९०० हून जास्त. थोडासा फरक आणि कितीतरी जास्त डेटा वायरवर, ही तक्रार बऱ्याच पत्रांत आहे, तिचे मूळ इथे आहे. नंतरच्या आवृत्त्यांत झाडाची खोली वाढवता येते, पण रेंजचा तुकडा लहान करणे हा कुठल्याही आवृत्तीत चालणारा उपाय आहे. मात्र तुलना पार्टिशनपाशी थांबते. एक जीबीच्या पार्टिशनमधला एकच सेल वेगळा असेल तर अख्खे एक जीबी जाणार. त्यावर रिपेअरमध्ये उपाय नाही, टेबलाची रचनाच बदलावी लागते.

प्रश्न: इन्क्रिमेंटल रिपेअर (आधी दुरुस्त न झालेला डेटाच तपासणारा) चांगला की पूर्ण?

उत्तर: आवृत्ती ४.० च्या आधीची असेल तर पूर्ण. तिथे २.२ पासून इन्क्रिमेंटल हाच मूळ पर्याय आहे, म्हणून '-फुल' स्पष्ट लिहावे लागते. जुन्या इन्क्रिमेंटलमधली गोम अशी की रिपेअर चालू असतानाच एखाद्या एसएसटेबलचे कॉम्पॅक्शन झाले तर एका नोडवर डेटा 'दुरुस्त' गटात आणि दुसऱ्यावर तोच डेटा 'दुरुस्त नाही' गटात राहत असे. पुढच्या फेरीत तो फरक म्हणून दिसे आणि विनाकारण स्ट्रीमिंग होई. ४.० मध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, हे काम व्यवहारासारखे बांधले गेले. संबंधित एसएसटेबल आधीच वेगळ्या, प्रलंबित गटात टाकले जातात, सगळ्या प्रतींचे काम यशस्वी झाले तरच ते एकत्र 'दुरुस्त' होतात, नाहीतर सगळे मागे येतात.

४.० किंवा पुढे असाल तर दोन्ही वापरा. प्रकल्पाच्या दस्तऐवजातली शिफारस अशी: इन्क्रिमेंटल दर १ ते ३ दिवसांनी, पूर्ण दर १ ते ३ आठवड्यांनी. फक्त पूर्णच चालवायचा असेल तर दर ५ दिवसांपासून सुरुवात करा. इन्क्रिमेंटलला '-पीआर'ची तितकी गरज नाही, एकदा दुरुस्त ठरलेला डेटा तो पुन्हा पाहतच नाही.

आणि याच कारणाने पूर्ण रिपेअर सोडता येत नाही. डिस्क बिघडून एसएसटेबल खराब झाले, 'स्क्रब'ने (खराब फाइल नव्याने लिहिणाऱ्या आज्ञेने) काही ओळी टाकल्या, कुणी चुकून फाइल हलवली, तर तो डेटा आधीच 'दुरुस्त' गटात असतो आणि इन्क्रिमेंटल तिकडे ढुंकूनही पाहत नाही. हे नुकसान फक्त पूर्ण रिपेअरला दिसते.

पहिली इन्क्रिमेंटल फेरी जड जाते. सगळाच डेटा 'दुरुस्त नाही' गटात असल्याने सगळाच वेगळा काढून पुन्हा लिहिला जातो. डिस्कवर भरपूर मोकळी जागा असल्याशिवाय ती सुरू करू नका, कीस्पेसमागून कीस्पेस घ्या. पुढे चालूनही एक लक्षात ठेवा: दुरुस्त आणि न दुरुस्त एसएसटेबल एकत्र कॉम्पॅक्ट होत नाहीत. इन्क्रिमेंटल मध्येच बंद करून विसरलात तर एका गटातला टूमस्टोन दुसऱ्या गटातल्या ओळीला साफ करू शकत नाही आणि डिस्क भरत जाते.

प्रश्न: रेप्लिकेशन फॅक्टर १ वरून ३ केला आणि काही वाचने एकदम रिकामी येऊ लागली. डेटा गेला का?

उत्तर: गेला नाही. 'ऑल्टर कीस्पेस'ने फक्त नियम बदलतो, डेटा हलत नाही. नव्या दोन प्रती रिकाम्या आहेत आणि क्वोरम म्हणजे तिघांपैकी दोन. वाचन नेमके त्या दोन रिकाम्या नोडकडे गेले तर उत्तर रिकामे येणार. 'नोडटूल रिपेअर -फुल' त्या कीस्पेसवर सर्व नोडवर पूर्ण होईपर्यंत वाचने 'ऑल' पातळीवर ठेवा. इन्क्रिमेंटल इथे चालणार नाही. जुना डेटा आधीच दुरुस्त म्हणून चिन्हांकित असेल तर तो पाठवलाच जाणार नाही.

पुढच्या वेळी पायरीपायरीने वाढवा: १ वरून २, रिपेअर, मग २ वरून ३, पुन्हा रिपेअर. २ असताना क्वोरम म्हणजे दोन्ही प्रती. ३ केल्यावर कोणत्याही दोन प्रतींत जुनी एक असतेच. वाचन कुठल्याच टप्प्यावर रिकामे येत नाही.

सिस्टम ऑथ कीस्पेसही तपासा. त्याचा मूळ रेप्लिकेशन फॅक्टर १ असतो. तो एक नोड पडला की त्याच्याकडच्या वापरकर्त्यांचे लॉगिन बंद होते. हा बदल बहुतेक जण नोड पडल्यावरच करतात. हे म्हणजे वरातीमागून घोडे.

प्रश्न: दोन नवे नोड जोडले, पण जुन्या नोडवरची डिस्क कमी होत नाही.

उत्तर: होणारही नाही. नव्या नोडकडे गेलेल्या रेंजचा डेटा जुन्या नोडवर तसाच पडून असतो. सर्व नवे नोड पूर्ण जोडले गेले की प्रत्येक जुन्या नोडवर 'नोडटूल क्लीनअप' चालवा, एका वेळी एक, '-जे १' लावून, कारण मूळ सेटिंगमध्ये दोन कामे एकदम चालतात. क्लीनअप एसएसटेबल नव्याने लिहितो, म्हणून तात्पुरती जागा लागते. डिस्क अगदी काठोकाठ भरेपर्यंत थांबू नका. नव्या नोडवर गरज नाही.

हे काम फक्त जागेसाठी आहे असे समजून कुणी टाळत असेल, तर एक शक्यता पाहा. सहा महिन्यांनी नवा नोड काढून टाकला, त्याची रेंज जुन्या नोडकडे परत आली. त्याच्याकडे त्या रेंजचा सहा महिन्यांपूर्वीचा डेटा पडलेला आहे आणि मधल्या डिलीट त्याला कळलेल्याच नाहीत. पहिल्या प्रश्नातला क नोड पुन्हा उभा राहिला.

प्रश्न: एक नोड १२ दिवस बंद होता. चालू करून रिपेअर करावा का?

उत्तर: चालू करू नका. जीसी ग्रेस १० दिवसांची असेल तर त्याच्याकडे अशा ओळी असू शकतात ज्यांचे टूमस्टोन इतरांनी टाकून दिले आहेत. तो चालू होताच वाचनांतून त्या ओळी पसरू लागतील आणि रिपेअर उरलेले काम पुरे करील.

त्याला नवा नोड समजा. सर्व्हिस आपोआप सुरू होत असेल तर आधी ते थांबवा. डेटा, कमिटलॉग, हिंट आणि सेव्ह्ड कॅशे या चारही फोल्डर रिकाम्या करा. त्याच्याच सीड यादीत (क्लस्टरमध्ये येताना आधी विचारायच्या नोडच्या यादीत) त्याचा पत्ता असेल तर काढा, नाहीतर तो बूटस्ट्रॅपच, म्हणजे इतरांकडून डेटा घेऊन सामील होण्याचे काम, करणार नाही. जेव्हीएमच्या (जावाच्या) पर्यायांत 'रिप्लेस अ‍ॅड्रेस फर्स्ट बूट' लावून जुना आयपी पत्ता द्या आणि सुरू करा. तो इतरांकडून डेटा ओढेल, 'नोडटूल नेटस्टॅट्स'मध्ये प्रगती दिसते. पूर्ण झाल्यावर त्या नोडवर रिपेअर करा, '-पीआर' न लावता.

'-पीआर' का नको, हे पाहा. नियमित फेरीत सगळे नोड आपापली प्राथमिक रेंज घेतात, म्हणून मिळून सगळे झाकले जाते. इथे एकाच नोडला सावरायचे आहे आणि त्याच्याकडे शेजाऱ्यांच्या रेंजच्या प्रतीही आहेत. '-पीआर'ने त्या सुटतात.

नोड ३ तासांपेक्षा जास्त पण जीसी ग्रेसच्या आत बंद असेल तर खुशाल चालू करा आणि लगेच असाच पूर्ण रिपेअर करा.

प्रश्न: रिपेअर तासन्तास एकाच टक्क्यावर अडकतो. टर्मिनल बंद करून पुन्हा सुरू केला तर चालेल का?

उत्तर: टर्मिनल बंद केल्याने रिपेअर थांबत नाही. नोडटूल फक्त आज्ञा पोहोचवतो, काम सर्व्हरवर चालू राहते. पुन्हा आज्ञा दिली की त्याच रेंजवर दुसरा रिपेअर सुरू होतो आणि दोघे एकमेकांच्या पायात येतात.

आधी खरेच अडकला आहे का ते पाहा. रेंजच्या सर्व नोडवर 'नोडटूल कॉम्पॅक्शनस्टॅट्स' चालवा. व्हॅलिडेशनची ओळ दिसते आहे आणि दोन मिनिटांनी आकडा वाढतो आहे, तर वाट पाहा, मोठे टेबल आहे. ती ओळ नसेल तर 'नोडटूल नेटस्टॅट्स' पाहा. तिथे बाइट पुढे सरकत असतील तर स्ट्रीमिंग चालू आहे. दोन्हीकडे कुठल्याच नोडवर काही नाही आणि रिपेअर तरी 'चालू', तर सेशन मेले आहे. मध्येच एखादा नोड रीस्टार्ट झाला किंवा निरोप हरवला की असे होते.

'नोडटूल स्टॉप व्हॅलिडेशन' फक्त त्या नोडवरचे व्हॅलिडेशन थांबवतो. सर्व सेशन संपवायची आज्ञा जेएमएक्समध्ये (जावाच्या देखरेखीच्या सोयीत) आहे. ४.० मधल्या इन्क्रिमेंटलसाठी 'नोडटूल रिपेअर अ‍ॅडमिन'ने यादी पाहून सेशन रद्द करता येते.

दर वेळी स्ट्रीमिंगपाशीच अडकत असेल आणि डेटासेंटरांच्या मधे फायरवॉल असेल, तर संशय तिच्यावर घ्या. काही काळ शांत असलेले कनेक्शन ती गुपचूप तोडते आणि दोन्ही टोकांना ते कळत नाही. लिनक्सची टीसीपी किपअलाइव्हची मूळ मुदत ७,२०० सेकंद आहे, म्हणजे दोन तास कुणी विचारपूसच करत नाही. ती ६० सेकंद करा, दोन प्रयत्नांत १० सेकंदांचे अंतर, एकूण ३ प्रयत्न. फायरवॉलमध्ये पाहायचे पोर्ट ७०००, ४.० च्या आधीच्या आवृत्तीत एन्क्रिप्शन असेल तर ७००१.

प्रश्न: आमच्या एका टेबलात फक्त टीटीएल लावलेला (ठरलेल्या काळाने आपोआप कालबाह्य होणारा) डेटा आहे, डिलीट कधीच होत नाही. त्यालाही रिपेअर हवाच का? सहकारी म्हणतात, जीसी ग्रेस सरळ ० करा.

उत्तर: परत येणाऱ्या ओळींच्या भीतीने तरी नको. टीटीएल सेलबरोबरच प्रत्येक प्रतीवर जातो, म्हणून प्रत्येक नोड तो डेटा आपापला कालबाह्य करतो, वेगळी खूण पोहोचायची गरज नसते. अपवाद एक: लांब टीटीएलची किंमत लहान टीटीएलने पुन्हा लिहीत असाल तर जुनी किंमत वर येऊ शकते. लिहिताना निसटलेल्या ओळी भरून काढायच्या असतील तर रिपेअर हवाच. टाइम विंडो कॉम्पॅक्शन (काळाच्या पट्ट्यांनुसार चालणारे) असेल तर रिपेअरमधून लहान लहान एसएसटेबल तयार होतात, तेवढे सोसावे लागते.

जीसी ग्रेस ० करू नका. हिंटची वैधताही तिच्याशी जोडलेली आहे. ० केली की त्या टेबलासाठी हिंट निरुपयोगी होतात. कमी करायचीच असेल तर हिंटच्या ३ तासांपेक्षा बरीच वर ठेवा, एक दिवस ठीक आहे.

प्रश्न: क्लस्टरची आवृत्ती बदलताना रिपेअर चालू ठेवावा का?

उत्तर: बंद. दोन मोठ्या आवृत्त्यांमध्ये स्ट्रीमिंग नीट होत नाही. सर्व नोड नव्या आवृत्तीवर आले, 'नोडटूल अपग्रेडएसएसटेबल्स' संपले, मगच वेळापत्रक सुरू करा. काम आठवडाभर लांबेल अशी शक्यता असेल तर जीसी ग्रेस सुरुवात करण्याआधीच वाढवून ठेवा, कारण तोही स्कीमातला बदल आहे आणि मिश्र आवृत्त्यांत स्कीमा बदलणे धोक्याचे असते.

प्रश्न: रिपेअर खरोखर झाला हे कसे ओळखायचे? क्रॉनचा लॉग तर नेहमी 'पूर्ण' म्हणतो.

उत्तर: सिस्टम डिस्ट्रिब्युटेड कीस्पेसमधले रिपेअर हिस्टरी टेबल पाहा. प्रत्येक रेंज कधी सुरू झाली, कधी संपली, स्थिती काय, एरर कोणता, कोणते नोड सामील होते, हे सगळे तिथे आहे. त्यातून प्रत्येक रेंजचा शेवटचा यशस्वी दिवस काढा आणि सात दिवसांपेक्षा जुनी एकही रेंज सापडली की इशारा येईल असे लावा. क्रॉन चालला की नाही यावर इशारा लावू नका, क्रॉन चालूनही चाळीस रेंज फसलेल्या असू शकतात. इन्क्रिमेंटल वापरत असाल तर 'नोडटूल टेबलस्टॅट्स'मधला दुरुस्त टक्का रोज नोंदवा. तो घसरत असेल तर लिहिण्याचा वेग फेरीच्या वेगाच्या पुढे गेला आहे, फेऱ्या वाढवा.

लॉगमध्ये 'आउट ऑफ सिंक' असलेल्या ओळीही टेबलवार मोजा. एकाच नोडच्या जोडीत त्या दर आठवड्याला भरमसाठ येत असतील तर रिपेअर आपले काम करतो आहे, पण तो नोड रोज लिहिणे चुकवतो आहे. त्याचे घड्याळ, नेटवर्क, लांबलेले जीसी (जावा मेमरी साफ करताना येणारे थांबे) आणि 'नोडटूल टीपीस्टॅट्स'मधले टाकून दिलेले म्युटेशन (लिहिण्याच्या आज्ञा) तपासा.